लेकीच्या बर्थडेचा व्हिडिओ म्यूट का होतो? बॉलिवूड गाणी, पार्टी आणि कॉपीराइटचं गणित

लेकीचा पाचवा वाढदिवस. केकवर आवडत्या हिरोचा फोटो, भिंतीवर फिल्मी थीमची सजावट आणि केक कापताना स्पीकरवर मोठ्या आवाजात हिंदी गाणं. आई किंवा बाबा बॉलिवूडचे कट्टर फॅन असले की अनेक घरांत वाढदिवस असाच साजरा होतो.

रात्री व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला जातो आणि थोड्याच वेळात नोटिफिकेशन येतं: या व्हिडिओतला आवाज बंद करण्यात आला आहे. गाणं तर गेलंच, पण त्यासोबत लेकीचं खिदळणं, भावंडांचा गोंधळ आणि आजीनं औक्षण करताना दिलेला आशीर्वादही गेला.

आपल्याच घरात, आपल्याच मुलीच्या वाढदिवसाला आवडतं गाणं वाजवणं चूक आहे का? हॉटेलवाले म्युझिक लायसन्स का मागतात? लग्नाला जी सूट मिळते, ती वाढदिवसाला का नाही? एकेक करून समजून घेऊ.

एका गाण्याचे मालक किती?

ऐकणाऱ्यासाठी गाणं एकच असतं. कायद्याच्या नजरेत मात्र त्यात किमान तीन गोष्टी असतात. गीतकाराचे शब्द, संगीतकाराची चाल आणि स्टुडिओत तयार झालेलं ध्वनिमुद्रण. या तिन्हींवर वेगवेगळा कॉपीराइट असतो. ध्वनिमुद्रणाचे हक्क बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडे असतात.

हे हक्क किती काळ टिकतात, तेही वेगवेगळं आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र निर्मात्याच्या हयातीत आणि निधनानंतर आणखी ६० वर्षं राहतो.

उदाहरण घेऊ. जितेंद्र यांच्या 'फर्ज' या १९६७ च्या चित्रपटातलं मोहम्मद रफींनी गायलेलं वाढदिवसाचं गाणं आजही पार्ट्यांमध्ये वाजतं. त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं २०२७ च्या अखेरीस संपतील. पण ते लिहिणारे आनंद बक्षी यांचं निधन २००२ मध्ये झालं. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ च्या अखेरपर्यंत राहील. 'गाणं जुनं आहे, आता कोण विचारतंय' हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

घरी गाणं वाजवलं तर?

घरात, घरच्या माणसांसाठी आणि मित्रमंडळींसाठी गाणं वाजवायला लायसन्स लागत नाही. कायदा निर्मात्याला जो हक्क देतो, तो गाणं 'लोकांपर्यंत' पोहोचवण्याचा आहे. घरातली माणसं म्हणजे या अर्थानं 'लोक' नव्हेत.

पण घरगुती कुठे संपतं आणि सार्वजनिक कुठे सुरू होतं? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर १९८९ मध्ये आला होता. तेव्हा गाण्यांच्या पार्टीचा नव्हे, तर केबल टीव्हीचा वाद होता. केबलवाले व्हिडिओ कॅसेट लावून घरोघरी सिनेमे दाखवत होते. लोक आपापल्या घरी बसून बघतात, मग हे सार्वजनिक कसं, असा मुद्दा होता. न्यायालयानं ते सार्वजनिकच ठरवलं. अशा वादात जागा कोणती, यापेक्षा समोरचा प्रेक्षक कोण आणि त्याचं दाखवणाऱ्याशी नातं काय, हे बघितलं जातं.

हीच कसोटी वाढदिवसाला लावली तर दिवाणखान्यात जमलेले काका-काकू, मावशी आणि शेजारची मुलं हा घरगुती गोतावळा आहे. तिथे पालकांनी निर्धास्त राहायला हरकत नाही.

हॉल, हॉटेल आणि सोसायटीचं क्लबहाउस

पार्टी हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये गेली की गणित बदलतं. पाहुणे तुमचेच असले, तरी जागा व्यावसायिक असते. गाण्याचे हक्क ज्यांच्याकडे आहेत, ते अशा ठिकाणी लायसन्सची मागणी करतात. ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल आणि नोव्हेक्स या कंपन्या, तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस ही संस्था, ही नावं अशा वेळी कानावर पडतात. लायसन्स देण्याचा अधिकार नेमका कुणाला, यावरूनही न्यायालयांत वाद झालेले आहेत.

हॉटेलवाले लायसन्सचा आग्रह धरतात, त्यामागे त्यांची स्वतःची भीती असते. नफ्यासाठी दिलेल्या जागेत कॉपीराइटचा भंग झाला, तर जागा देणाराही कायद्यानं जबाबदार धरला जाऊ शकतो. आपल्याला याची कल्पना नव्हती आणि तशी शंका येण्याचं कारणही नव्हतं, हे त्याला दाखवावं लागतं.

सोसायटीचं क्लबहाउस मात्र वेगळं. कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक सवलत आहे. निवासी इमारतीतल्या रहिवाशांच्या सामायिक वापरासाठी असलेल्या बंदिस्त खोलीत किंवा हॉलमध्ये, रहिवाशांची सोय म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवलं, तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. हॉटेल किंवा तशा व्यावसायिक जागेला ही सवलत लागू नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना जमवून स्पीकरवर गाणी लावणं यामुळे बरंच सुरक्षित ठरतं. तोच हॉल बाहेरच्यांना भाड्यानं दिला असेल, तर मात्र या सवलतीवर विसंबून राहता येणार नाही.

लग्नाला सूट, मग वाढदिवसाला का नाही?

याच कलमात आणखी एक सवलत आहे. खरोखरच्या धार्मिक विधीत किंवा सरकारी समारंभात गाणी वाजवली, तर तो भंग मानला जात नाही. आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर समारंभ यांचा उल्लेख आहे.

वाढदिवसाचा उल्लेख त्यात कुठेच नाही. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला सत्यनारायण घातला, तर पूजेच्या वेळची गाणी या सवलतीत बसू शकतात. पण संध्याकाळी हॉटेलात डीजे लावला, तर 'सकाळी पूजा होती' हे कारण पुरणार नाही.

लग्नाच्या सवलतीवरूनही वाद आहेतच. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग खात्यानं सूचना काढून लग्नसमारंभांतल्या गाण्यांसाठी पैसे मागू नयेत, असं सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारनंही तशाच आशयाचं परिपत्रक काढलं. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ते रद्द केलं. कायद्यातल्या सवलतीची व्याप्ती सरकारला परिपत्रक काढून वाढवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. लग्नाची ही स्थिती असेल, तर वाढदिवसाच्या पार्टीनं त्या सवलतीवर भरवसा ठेवू नये.

मग व्हिडिओ म्यूट कोण करतं?

इथे कुणी माणूस बसून तुमचा व्हिडिओ बघत नाही. हे काम सॉफ्टवेअर करतं.

यूट्यूबच्या यंत्रणेचं नाव 'कंटेंट आयडी'. ती २००७ पासून वापरात आहे. म्युझिक कंपन्या आपली गाणी यूट्यूबकडे देतात. प्रत्येक गाण्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो, माणसाच्या बोटाच्या ठशासारखा. कुणीही व्हिडिओ अपलोड केला की त्याचा आवाज या ठशांशी पडताळला जातो. जुळला, तर पुढे काय करायचं ते हक्कधारक ठरवतो. व्हिडिओ रोखायचा, त्यावर जाहिराती दाखवून पैसे घ्यायचे, की नुसती नोंद ठेवायची. असा 'क्लेम' आला म्हणजे स्ट्राइक आला असं नाही. स्ट्राइक ही वेगळी आणि अधिक गंभीर कारवाई आहे.

ही तपासणी 'प्रायव्हेट' ठेवलेल्या व्हिडिओंचीही होते. त्यामुळे फक्त नातेवाइकांसाठी टाकला होता, तरी क्लेम कसा आला, याचं उत्तर इथे आहे.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरही अशीच पडताळणी चालते. मग तिथेच लाखो रील्स हिंदी गाण्यांवर कशा चालतात? कारण त्यासाठी करार झालेले आहेत. फेसबुकनं २०१९ मध्ये टी-सिरीज, झी म्युझिक आणि यशराज फिल्म्स यांच्याशी करार केले. ॲपच्या म्युझिक लायब्ररीतून निवडलेलं गाणं अशा करारांत बसतं. पार्टीत स्पीकरवर वाजणारं आणि मोबाइलमध्ये रेकॉर्ड झालेलं गाणं, विशेषतः लांबलचक वाजलं असेल तर, अडकू शकतं.

अकाउंटचा प्रकारही महत्त्वाचा. घरगुती डब्यांच्या किंवा कपड्यांच्या व्यवसायासाठी अकाउंट 'बिझनेस' केलं असेल, तर त्यावर फिल्मी गाण्यांची लायब्ररी मर्यादित होते. त्याच अकाउंटवरून लेकीची रील टाकली, तर हवं ते गाणं मिळत नाही. फोटो स्टुडिओनं स्वतःच्या पेजवर टाकलेला बर्थडे व्हिडिओ म्यूट होण्याचंही हे एक कारण असू शकतं.

'दहा सेकंद चालतात' हे खरं का?

नाही. भारतीय कायद्यात दहा, पंधरा किंवा तीस सेकंदांचा असा कुठलाही नियम नाही. 'गाण्याचं श्रेय मूळ कंपनीला' असं खाली लिहिल्यानंही परवानगी मिळत नाही. मी यातून पैसे कमावत नाही, हा मुद्दा घरापुरता चालतो. व्हिडिओ जगासाठी खुला झाला की तो पुरेसा ठरत नाही.

एक गाणं मात्र खरंच मोकळं आहे. केक कापताना सगळे म्हणतात ते इंग्रजी 'हॅपी बर्थडे'. त्याची चाल अमेरिकेतल्या हिल भगिनींच्या १८९३ च्या एका बालगीताची. वॉर्नर/चॅपल ही कंपनी कित्येक वर्षं त्याच्या वापराचे पैसे घेत होती. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं या कंपनीकडे त्या शब्दांचा वैध हक्क नसल्याचं सांगितलं. २०१६ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर्सची तडजोड होऊन ते सर्वांसाठी खुलं झालं.

केकवरचा हिरो चालतो का?

घरच्या केकवर, बॅनरवर किंवा लेकीच्या टी-शर्टवर हिरोचा फोटो लावणं हे चाहत्याचं प्रेम आहे. अडचण येते ती धंद्यासाठी वापर केला तर. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अमिताभ बच्चन आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज यांच्या परवानगीशिवाय होणाऱ्या व्यावसायिक वापराला मनाई केली. अनिल कपूर यांच्या आदेशात 'झकास' या त्यांच्या ओळखीच्या शब्दाचाही समावेश होता. रोजच्या बोलण्यात 'झकास' म्हणायला अर्थातच कुणाची परवानगी लागत नाही. पण स्टारचा चेहरा लावून बर्थडे पॅकेज विकणाऱ्यांनी जपून राहावं.

हे पैसे शेवटी कुणाला मिळतात?

लायसन्सचे पैसे मोठ्या कंपन्यांनाच जातात, ही तक्रार नेहमी ऐकू येते. एकेकाळी ती बरीच खरी होती. गीतकार आणि संगीतकार एकरकमी मानधन घेऊन सगळे हक्क लिहून देत. गाणं पुढे कितीही गाजलं, तरी त्यांना काही मिळत नसे.

२०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते आणि या बदलासाठी त्यांनी संसदेत आग्रह धरला होता. आता चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजतं, तो वापर वगळता इतर वापरांतून मिळणाऱ्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा समान वाटा असतो. करारात लिहून दिलं, तरी हा हक्क सोडता येत नाही. म्हणजे चाहत्याच्या पार्टीतलं रीतसर वाजलेलं गाणं ते लिहिणाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचू शकतं.

पालकांनी काय करावं?

१. हॉल बुक करतानाच म्युझिक लायसन्स कुणी घ्यायचं, हॉटेलनं, डीजेनं की तुम्ही, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

२. केक कापताना, औक्षणाच्या वेळी आणि लेक काही बोलत असताना दोन मिनिटं स्पीकर बंद ठेवा. मोबाइलमध्ये गाणं आणि माणसांचे आवाज एकाच ट्रॅकवर रेकॉर्ड होतात. नंतर ते वेगळे करणं अवघड जातं.

३. रील बनवताना ॲपच्या लायब्ररीतलंच गाणं लावा.

४. यूट्यूबवर क्लेम आला, तर व्हिडिओ लगेच डिलीट करू नका. गाण्याचा भाग कापणं, ते बदलणं किंवा तेवढंच म्यूट करणं हे पर्याय यूट्यूब स्टुडिओत असतात.

५. व्हिडिओग्राफरकडून गाणी चढवलेल्या हायलाइट व्हिडिओसोबत मूळ आवाजाचं न कापलेलं फुटेजही मागून घ्या.

६. मूळ फाइल हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवा. सोशल मीडियावरची पोस्ट म्हणजे बॅकअप नाही. तिथला आवाज आज ना उद्या बंद होऊ शकतो, तुमच्याकडच्या फाइलमधला होत नाही. फिल्मी गाणं कधीही पुन्हा ऐकता येईल, पण पाच वर्षांच्या लेकीचा आवाज त्या एकाच फाइलमध्ये असेल.