यंत्र बँकेचे, ग्राहक कोणाचा?

बँकांत संगणक आणण्याची शिफारस रंगराजन समितीने १९८४ साली केली, तेव्हा वाद पेटला तो नोकऱ्यांवरून. आणि तो अगदीच निराधार होता असे नव्हे. राष्ट्रीयीकृत बँकांची पावले त्यामुळे जपून पडत राहिली. १९९४-९५ च्या सुमारास निघालेल्या नव्या खाजगी बँकांपाशी मात्र जुन्या खातेवह्याही नव्हत्या आणि जुन्या सवयीही नव्हत्या. शाखा संगणकाने जोडण्याचा मार्ग त्यांनी आरंभापासूनच धरला.

या सोयीचे मोल कळण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बचत खात्यावरील व्याजदर २०११ च्या ऑक्टोबरपर्यंत रिझर्व्ह बँकच ठरवीत असे. २००३ पासून २०११ च्या मेपर्यंत तो साडेतीन टक्के होता. म्हणजे व्याजाचे आमिष कोणालाच दाखविता येत नव्हते. स्पर्धा उरली ती सोयीची. कारखान्याने, कचेरीने पगाराची खाती जिकडे नेली, तिकडे पगारदारांच्या शिलकी गेल्या. आणि बँकेला याहून स्वस्त पैसा क्वचितच मिळतो. रांग टळली म्हणून खातेदार संतुष्ट होता. खरी कमाई त्याच्या खात्यात पडून राहिलेल्या रकमेवर होत होती.

२०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने 'यूपीआय' सुरू केले आणि हे चित्र पालटले. एका बँकेने खर्चून बांधलेली वाट जणू सार्वजनिक रस्ता झाली. लहानशा सहकारी बँकेत खाते असलेला शिक्षकही भाजीवाल्याचे पैसे मोबाइलवरून तितक्याच सहजपणे चुकते करू लागला. पण त्याच्या हातातील ॲप बहुधा फोनपे किंवा गूगल पे यांचे असते, आणि या दोन्ही बँका नव्हेत. पैसा बँकेत, हिशेब बँकेत, तक्रारही अखेर बँकेपाशीच. परिचय मात्र तिसऱ्याशी! शिवाय २०२० च्या जानेवारीपासून या व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. सरकार काही प्रोत्साहन रक्कम देते, हे खरे. तरी यंत्रणेचा भार बँकांवर राहतोच.

मग व्यापारी बँकेला आघाडी मिळावी कशाच्या बळावर? नवनव्या योजनांच्या जाहिरातींपेक्षा यंत्रणा न कोलमडण्यावर ती अधिक अवलंबून दिसते. वारंवार पडणाऱ्या बंदामुळे रिझर्व्ह बँकेने २०२० च्या डिसेंबरात एचडीएफसी बँकेला नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डे थांबवायला लावली; निर्बंध पूर्णपणे उठायला मार्च २०२२ उजाडला. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली, ती फेब्रुवारी २०२५ पर्यंत टिकली. दोन्ही बँका तंत्रज्ञानात पुढारलेल्या म्हणूनच ओळखल्या जात होत्या.