घडी घालू नका
कॅथलॅबमध्ये सिस्टर म्हणून माझं हे बारावं वर्ष. अँजिओप्लास्टीआधी अर्धा मिलिमीटर शिशाइतकं संरक्षण देणारा एप्रन चढवते, गळ्याला थायरॉइड कॉलर बांधते. संध्याकाळी कंबर बोलायला लागते.

आमच्याकडे येणारे एक्स-रे किरण मुख्यतः पेशंटच्या अंगातून विखुरलेले असतात. म्हणून अंतर हीच स्वस्तातली ढाल: दुप्पट लांब गेलं की मारा साधारण चौथाईवर येतो. नव्या मुलींना सांगते, “सलाइन बदलायचंय? डॉक्टरांचा पाय एक्स-रेच्या पेडलवरून निघू दे, मग पुढे हो.”

एप्रनच्या आत छातीवर किरणांचा मारा मोजणारा टीएलडी बॅज असतो. दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. आमच्यासाठी माऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट.

आणि एप्रन हँगरलाच टांगायचा. घडीवर आतला थर तडकतो, भेग वरून दिसत नाही.