कच्ची फाइल, पक्का रंग

मामा गेल्यानंतर वर्षभराने मामींनी एक हार्ड डिस्क माझ्या हाती दिली. "ह्यांनी काढलेले सगळे फोटो यात आहेत म्हणे. मुलांच्या मोबाइलवर उघडत नाहीत. बघ तुला काही जमतंय का." २००७ ते २०१२ या काळातली सुमारे अडीच हजार छायाचित्रे तीत होती आणि जवळजवळ सगळी 'रॉ' स्वरूपात होती. कॅमेऱ्याबरोबर आलेली सीडी कपाटात सापडली, पण तिच्यावरचा प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालेना. ही छायाचित्रे सर्वांना पाहता येतील अशा जेपेग स्वरूपात आणायला कोणते सॉफ्टवेअर वापरावे, एवढाच माझा प्रश्न होता. त्याच्या उत्तरात दोन महिने गेले.

रॉ फाइल म्हणजे चित्र नव्हे, हे मला आधी समजून घ्यावे लागले. कॅमेऱ्यातल्या सेन्सरला रंग कळत नाही. त्याच्या प्रत्येक बिंदूला आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच मोजता येते. कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी यावर जी तोड काढली, तिचे पेटंट १९७६ साली मिळाले. सेन्सरवर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या चौकोनांची सूक्ष्म जाळी बसवायची; निम्मे चौकोन हिरवे, उरलेल्यांत अर्धे तांबडे, अर्धे निळे. आजही बहुतेक डिजिटल कॅमेरे याच जाळीवर चालतात. म्हणजे प्रत्येक बिंदूला एकाच रंगाचे माप ठाऊक असते. बाकीचे दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरावे लागतात. हा अंदाज करण्याच्या रीती अनेक आहेत आणि प्रत्येक सॉफ्टवेअर आपापली रीत वापरते.

जेपेगमध्ये फोटो काढला की हे काम कॅमेराच क्षणात उरकतो आणि उरलेली मापे टाकून देतो. १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेगमध्ये नेहमीच्या वापरात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटांच्या रॉ फाइलीत त्या ४,०९६ असतात, तर १४ बिटांच्या फाइलीत १६,३८४. दुकानदाराच्या कच्च्या वहीत दिवसभराची प्रत्येक नोंद असते, पक्क्या वहीत फक्त बेरजा उतरतात. तसाच हा प्रकार. काळोखात बुडालेला चेहरा पुन्हा उजळता येतो तो कच्च्या वहीतूनच.

अडचण अशी की ही वही प्रत्येक कंपनी आपल्याच लिपीत लिहिते. निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर२ आणि पुढे सीआर३, सोनीची एआरडब्ल्यू. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये 'डीसीरॉ' हा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि पुढची वीस वर्षे एकेका कॅमेऱ्याची लिपी उलगडत तो सर्वांसाठी खुला ठेवला. 'लिबरॉ' त्यातूनच निघाले, आणि आज अनेक प्रोग्रॅम त्याच्या आधाराने रॉ फाइली वाचतात. २००४ मध्ये अडोबीने 'डीएनजी' हे स्वरूप त्याच्या तपशिलासह प्रसिद्ध केले. तरी पुढच्याच वर्षी निकॉनने आपल्या काही कॅमेऱ्यांत व्हाइट बॅलन्सची नोंद सांकेतिक केल्याची तक्रार फोटोशॉपच्या जनकांपैकी एक, थॉमस नोल, यांना जाहीरपणे करावी लागली. फोटो आपला, पण त्याची किल्ली दुसऱ्याकडे, असा हा मामला आहे.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या: कॅमेरा कंपनीचे मोफत सॉफ्टवेअर, भाडे भरून वापरायचे लाइटरूम, किंवा डार्कटेबल आणि रॉथेरपी यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर. शिवाय एका क्लिकमध्ये 'रूपांतर' करून देणारी किरकोळ साधनेही पुष्कळ मिळतात. त्यांतले एक मी आधी चालवून पाहिले. पाच मिनिटांत शेकडो जेपेग तयार झाले, तेव्हा संशय आला. बहुतेक रॉ फाइलींच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेले एक नमुना-जेपेग आधीपासून असते. या साधनाने तेवढेच बाहेर काढले होते. ते आकाराने लहान होते, म्हणून चोरी पकडली गेली. कोणतेही साधन घेतले तरी मूळ फोटोची आणि निघालेल्या जेपेगची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये ताडून पाहावी, हा त्यातून मिळालेला धडा.

मग एकच फोटो निवडून मी तो तीन सॉफ्टवेअरमधून काढला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री समईशेजारी बसलेल्या मामी. काहीही न बदलता तीन वेगळ्या प्रती निघाल्या. एकीत साडी हिरवीगार आणि भिंत पांढरीशुभ्र, दुसरीत सारे केशरी, तिसरी या दोहोंच्या मधली. तेलाच्या ज्योतीचे रंगतापमान १९०० केल्विनच्या आसपास असते, दुपारच्या उन्हाचे ५५०० च्या. ज्योतीचा पिवळेपणा किती काढून टाकायचा, हे प्रत्येक सॉफ्टवेअरने आपल्या मनाने ठरवले होते.

तिन्ही प्रती मी मामींना दाखवल्या. त्यांनी आत जाऊन ती साडीच आणली. मोरपंखी होती. दिवसाच्या उजेडात ती पहिल्या प्रतीशी बरीच जुळत होती, तेव्हा मला वाटले निकाल लागला. मामींनी मात्र ती प्रत बाजूला सारली. "हिच्यात साडी बरोबर आहे, पण दिवाळी कुठाय?" त्यांनी मधली प्रत उचलली.

ती रॉथेरपीची होती, पण मी रॉथेरपी घेतले ते एवढ्यासाठी नाही. आवडलेला रंग थोड्या खटपटीने तिन्हींत आणता आला असता. रॉथेरपी मूळ फाइलीला हात लावत नाही आणि आपण केलेला प्रत्येक बदल शेजारच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवते. उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडले तरी कोणते आकडे वापरले हे वाचता येईल. डार्कटेबलही मूळ फाइलीला हात न लावता बदल शेजारच्या फाइलीत नोंदवते. मला रॉथेरपीची मांडणी सोपी वाटली, इतकेच. कंपनीच्या सॉफ्टवेअरचे रंग वाईट नव्हते, पण मामांच्या सीडीचे जे झाले ते पुन्हा नको होते.

सगळे फोटो १६ बिटांच्या टिफ स्वरूपात ठेवण्याचा मोह झाला होता. दहा मेगापिक्सेलचा एक फोटो त्यात ६० एमबी होतो, म्हणजे अडीच हजारांचे १५० जीबी. ते केवळ चाळीस निवडक फोटोंसाठी केले. बाकीच्यांचे जेपेग मुलांना दिले, आणि मूळ रॉ फाइली बदलांच्या नोंदींसह दोन वेगळ्या घरांत ठेवल्या.

समईचा फोटो आता मामींच्या दिवाणखान्यात आहे. मुलाला तो अंधुक वाटतो. थोडा उजळून दे म्हणतो. देता येईल. कच्ची वही शाबूत आहे.