स्नायूंच्या आजारातला थकवा : गोळी कोणती आणि कशासाठी?

वाचकहो, घरात स्नायू झिजण्याचा आजार असलेले मूल किंवा मोठे माणूस असले, की एक वाक्य हमखास ऐकू येते : "दिवसभर बसून तर असतो, मग थकतो कसा?" साकीनाक्याच्या वस्त्यांत काय, दुसरीकडे काय, या वाक्याने आजारापेक्षा जास्त दुखावलेली माणसे आहेत. म्हणून या वेळी आपण या थकव्याबद्दल आणि त्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांबद्दल बोलू.

थकवा का येतो?

मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे एका आजाराचे नाव नाही. त्यात अनेक प्रकार आहेत. डुशेन हा प्रकार मुख्यतः मुलग्यांना होतो आणि लहानपणीच दिसू लागतो. काही प्रकार तरुणपणी किंवा चाळिशीनंतर कळतात. कारण जनुकातला दोष. हा आजार संसर्गाचा नाही, कोणाच्या पापाचा नाही, करणीचाही नाही. त्यामुळे उतारा, अंगारा यांवर पैसे घालवू नयेत.

खैरानी रोडवरच्या एखाद्या शिलाई कारखान्यात दहा मशीन आहेत असे समजा. सहा बंद पडल्या, पण ऑर्डर तेवढीच राहिली, तर उरलेल्या चार मशीनवर किती ताण येईल? झिजलेल्या स्नायूंचे तसेच होते. उभे राहणे, माळ्याची शिडी चढणे, पाण्याची कळशी उचलणे ही आपल्याला साधी वाटणारी कामे उरलेल्या स्नायूंना पूर्ण जोर लावून करावी लागतात. हा आळस नव्हे.

आधी कारण शोधा

थकवा घालवणारी एकच गोळी अजून नाही. पण थकवा वाढवणारी काही कारणे मात्र औषधाने बरी होतात. म्हणून डॉक्टरांना पुढील गोष्टी तपासायला सांगाव्यात.

रक्त : हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. यांपैकी काही कमी-जास्त निघाले तर त्याचे औषध स्वस्त आणि गुणकारी आहे.

हृदय : काही प्रकारांत हृदयाचा स्नायूही कमजोर होतो किंवा ठोके चुकतात. त्यासाठी ईसीजी आणि टूडी इको लागते. हृदयाच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या तर पुष्कळ फरक पडतो.

रात्रीचा श्वास : हे कारण सर्वांत जास्त निसटते. श्वासाचे स्नायू अशक्त झाले की झोपेत हवा पुरेशी आत-बाहेर होत नाही. सकाळी डोके दुखते, रात्री वारंवार जाग येते, दिवसा पेंग येते. याला गोळी नाही. रात्री मास्कने हवा देणारे बायपॅप यंत्र लागते. अशा माणसाला "झोप नीट लागत नाही" म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देणे धोक्याचे आहे. तिने श्वास आणखी मंदावतो. घरी नुसता ऑक्सिजन लावणेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मन : सततची उदासी आणि दुखणे यांनीही माणूस गळून जातो. त्यावर उपचार आहेत आणि ते घेण्यात लाज नाही.

स्टेरॉइड

डुशेनमध्ये प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट देतात. ही गोळी थकव्यासाठी नसते. चालणे बंद होण्याची वेळ ती पुढे ढकलते. वजन वाढणे, हाडे ठिसूळ होणे, मोतीबिंदू, चिडचिड असे त्रास होऊ शकतात, म्हणून नियमित तपासणी हवी. इतर बहुतेक प्रकारांत तिचा उपयोग होत नाही. तेव्हा शेजारच्या मुलाची गोळी पाहून आपल्या मुलाला सुरू करू नये.

सर्वांत महत्त्वाचे : बरेच दिवस चालू असलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये. शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे थांबवते. गोळी अचानक बंद झाली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेतते. गावी जाताना पुरतील त्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त गोळ्या बरोबर ठेवा. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि "स्टेरॉइड चालू आहे" हे आधी सांगा.

जागे ठेवणारी गोळी

मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत दिवसा फार झोप येते. त्यासाठी काही न्यूरॉलॉजिस्ट मोडाफिनिल देतात. काहींना फायदा होतो, काहींना नाही. ही गोळी झोपेवर काम करते, स्नायूंना ताकद देत नाही. तिने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे महिलांनी ध्यानात ठेवावे. हृदय तपासल्याशिवाय ती घेऊ नये.

ताकदीचे इंजेक्शन, सलाईन आणि पुड्या

सलाईन म्हणजे मुख्यतः मीठ-साखरेचे पाणी. त्याने स्नायू भरत नाहीत. नाव-गाव नसलेल्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. आणखी एक घोटाळा म्हणजे, एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले दिसले की लिव्हरचे औषध सुरू होते. पण ही द्रव्ये स्नायूंतूनही रक्तात येतात. अशा वेळी सीपीके तपासणीबद्दल विचारावे.

औषधाबाहेरचा उपाय

नेदरलँड्समध्ये खांदा-चेहऱ्याच्या डिस्ट्रॉफीच्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. बेताचा सायकल-व्यायाम आणि समुपदेशन, दोन्हींनी थकवा कमी झाल्याचे त्यात दिसले. व्यायाम फिजिओथेरपिस्टने ठरवलेला हवा. दुसऱ्या दिवशी अंग दुखत राहिले तर तो जास्त झाला असे समजावे.

शक्ती पगारासारखी जपून खर्च करा. अंघोळ स्टुलावर बसून, भाजी निवडणे बसून, दुपारी तासभर विश्रांती. पाणी भरणे घरातल्या दुसऱ्याने उचलावे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला जायचे असेल तर आदला दिवस मोकळा ठेवा आणि थोडेच अंतर चाला. घरी बसवून ठेवणे हा उपाय नव्हे.

कुठे जावे?

रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात होतात. परळचे केईएम हे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातील उत्कृष्टता केंद्र आहे. यादीतील आजारांसाठी अशा केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. डुशेन त्या यादीत आहे. हाजी अली येथील केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत फिजिओथेरपी, कॅलिपर आणि व्हीलचेअरबाबत मार्गदर्शन मिळते. साकीनाका मेट्रो स्थानकाला लिफ्ट आहे. घाटकोपरहून पुढे लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. यूडीआयडी कार्ड काढून ठेवा.

जाताना एका वहीत आठवडाभराची नोंद न्या : थकवा कोणत्या वेळी, झोप कशी, कोणत्या गोळ्या, किती वाजता. ऑपरेशन किंवा दात काढण्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचे नाव सांगा, कारण भुलेची काही औषधे या रुग्णांना घातक ठरतात. आणि धाप लागली, ओठ निळे पडले, छातीत धडधड झाली किंवा माणूस जागाच होईना, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.