ठसा, साचा आणि स्क्रीन

रत्नागिरीत कोणी ‘थ्रीडी मॉडेलिंग कुठे शिकू?’ असं विचारलं की पुण्या-मुंबईच्या क्लासची नावं पुढे येतात. श्रावणात गल्लीतल्या गणपतीच्या शाळेत जाऊन बस, असं कोणी सुचवत नाही. तिथे घरोघरचे पाट येऊन पडलेले असतात. शाडू मळला जात असतो, साच्यातून निघालेल्या धडाला हात आणि सोंड जोडली जाते, ओल्या ब्रशने सांधे मिटवले जातात. डोळ्यांची आखणी मात्र अगदी शेवटी, आणि तीही कारखान्यातल्या सर्वांत मुरलेल्या हाताकडे. संगणकावरचं मॉडेलिंगही याच क्रमाने चालतं: आधी ढोबळ घडण, मग जोड, मग सफाई, रंग शेवटी. नवशिके पहिल्याच संध्याकाळी पितांबराच्या चुण्या पाडायला बसतात आणि आठवड्याभरात नाद सोडतात.

यंदा या अंकासाठी दोन छंदांकडे पाहायचं ठरवलं. एक संगणकावरचा, दुसरा ठसे उमटवून शुभेच्छापत्रं करण्याचा. दोन्ही घरबसल्या शिकता येतात असं म्हणतात, आणि ते बरंचसं खरं आहे.

आधी संगणक. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं, यामागे लोकवर्गणी आहे. ते बनवणारी कंपनी बंद पडल्यावर त्याचा कर्ता टोन रोझेंडाल याने २००२ मध्ये जगभरातून एक लाख युरो गोळा केले, तेही सात आठवड्यांत, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते सर्वांना खुलं केलं. शिकणारे बहुतेक जण अँड्र्यू प्राइस या ऑस्ट्रेलियन शिक्षकाच्या डोनटपासून सुरुवात करतात. धडा उत्तम आहे. पण डोनट ज्याने कधी हातात धरलेला नाही, त्याला तो बरोबर जमला की नाही हे कळणार कसं? आपल्याकडे त्याहून सोपी आणि देखणी वस्तू आहे, समई. तिच्या अर्ध्या बाजूची कड काढायची आणि ‘स्क्रू’ मॉडिफायरने ती अक्षाभोवती फिरवायची, की समई उभी राहते. सावंतवाडीचे कारागीर लाकडी खेळणी कातताना वेगळं काही करत नाहीत. तिथे लाकूड फिरतं, इथे रेघ.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. तीन बटणांचा साधा माऊस घ्यावा, कारण मधल्या बटणाशिवाय वस्तू फिरवून पाहणं म्हणजे छळ. आणि धडा कोणत्या आवृत्तीचा आहे हे आधी पाहावं. २०१९ मध्ये आलेल्या २.८० पासून ब्लेंडरचा चेहरामोहराच बदलला. पूर्वी उजव्या क्लिकने होणारी निवड डाव्या क्लिकवर आली. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पात ब्लेंडरचे धडे आहेत, आणि त्या प्रकल्पातल्या कितीतरी विषयांना मराठी आवाजही आहे. पण ब्लेंडरचे ते धडे जुन्या आवृत्तीवरचे. ते पाहून नव्या आवृत्तीवर हात चालवणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. लॅपटॉप म्हातारा असेल आणि नवं ब्लेंडर उघडतच नसेल, तर ब्राउझरमध्ये चालणारं टिंकरकॅड आहे. ठोकळे जोडायचे, नको तिथे भोक पाडायचं. दिवाळीत मातीचा किल्ला केलेल्या कुठल्याही पोराला ते तासाभरात जमतं.

ठसेकामाचा हिशोब उलटा आहे. संगणकाच्या छंदात आधी यंत्राला पैसे पडतात, पुढे जवळपास काही नाही. ठसेकाम भेंडी आणि बटाट्यापासून, म्हणजे फुकटात, सुरू होतं आणि मग पारदर्शक पॉलिमरचे ठसे, ॲक्रिलिकचे ठोकळे, एम्बॉसिंगची पूड अशी खरेदी संपत नाही. माझं स्पष्ट मत, पहिलं वर्षभर यातलं काहीही विकत घेऊ नये. पांढरं खोडरबर, लिनो कोरायची छोटी हत्यारं, एक शाईचा पॅड आणि अडीचशे जीएसएमचा कागद एवढं पुरे. तयार ठशांवर ख्रिसमसची झाडं आणि इंग्रजी शुभेच्छाच जास्त. देवनागरीतला ‘शुभ दीपावली’ हवा तर उलटा कोरायची तयारी ठेवावी. तेही जमत नसेल तर बाजारात ग्रामपंचायतीचे आणि मुख्याध्यापकांचे शिक्के बनवणारा असतोच. त्याला आपलं चित्र दिलं तर तो त्याचाही शिक्का करून देतो. फार थोड्या जणांना हे सुचतं.

परदेशी व्हिडिओंत न सांगितलेली अडचण म्हणजे आपली हवा. जून ते सप्टेंबर कागद वाकतो, आणि पिगमेंट शाई चकचकीत कागदावर सुकायचं नावच घेत नाही. डाय शाई लवकर सुकते, पण उन्हात फिकी पडते. पावसाळ्यात ठसे कोरावेत, छपाईला नवरात्रानंतर बसावं. कागद जरा चांगला हवा असेल तर पुण्याच्या हातकागद संस्थेची आठवण ठेवावी. गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी ती १९४० मध्ये उभी केली.

आणि विषय? ते तर सड्यावर पसरलेले आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सहकाऱ्यांनी सडे पायी तुडवून ती नोंदवली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. जांभ्यात कोरलेली रेघ हीच त्या चित्राची सगळी मांडणी, म्हणून ती लिनोवर जशीच्या तशी उतरते: कोरलेलं पांढरं राहतं, बाकी शाई धरतं. मासा, हरीण, गोल आकृत्या यांनी सुरुवात करावी. हत्ती मागून.

मोठेपणी कला शिकायला बसण्यात ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांच्यासाठी सावंतवाडीचं उदाहरण. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत ती रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तिथली दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे एकशे वीस गोल पत्ते, हाताने रंगवलेले. ही कला एका वृद्ध कारागिरापाशी, पुंडलिक चितारी यांच्यापाशी, येऊन थांबली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी या राजदांपत्याने १९७० च्या दशकात त्यांच्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात काम सुरू केलं, नवे हात तयार केले. आज गंजिफा मिळते ती त्यामुळे.

शिकवणाऱ्यांची वानवा जिल्ह्यात तशी नाही. देवरुखला आणि सावर्ड्याला कला महाविद्यालयं आहेत, गावोगावी चित्रकलेचे शिक्षक आहेत. पण पदवी नको, नुसता छंद हवा अशा चाळिशीतल्या माणसाला कुठे जागा नाही. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षा होते; दहावीला वाढीव गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते.

साधनं मात्र आहेत. २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेत शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी तिथे थ्रीडी प्रिंटरही असतो. ज्या शाळांत ही लॅब आहे, त्यांच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना एक विनंती: मे महिन्याच्या सुट्टीत निदान चार रविवार ती पालकांना आणि गावकऱ्यांना उघडी ठेवा. शिकवायला शाळेतलीच मुलं पुरतील.