सूर्याचं वादळ आणि अलिबागची चुंबकीय वेधशाळा

मे २०२४ मध्ये १० आणि ११ तारखेच्या दरम्यान लडाखमधल्या हानले इथं रात्रीचं आकाश लालसर झालं होतं. ते फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले, आणि त्यांच्या मागोमाग मेसेजही आले : सूर्याचं वादळ आलंय, रात्री मोबाईल बंद करा, उशाशी ठेवू नका. शाळेला सुट्टी होती, तरी काही पालकांनी आम्हा शिक्षकांना फोन करून विचारलं, "सर, हे खरं आहे का?" वादळ खरं होतं, मोबाईलची भीती खोटी होती. पण ही वादळं मोजतं कोण आणि मोजतात कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. या मोजणीतली जगातली एक फार मोलाची नोंद आपल्या मुंबईतली आहे.

वादळ म्हणजे नेमकं काय?

पृथ्वी हे एक मोठं चुंबक आहे. म्हणूनच होकायंत्राची, म्हणजे उर्दूत ज्याला आपण कुतुबनुमा म्हणतो त्याची सुई उत्तर-दक्षिण राहते. सूर्यावर मोठा स्फोट झाला की विद्युतभारित कणांचा प्रचंड ढग बाहेर फेकला जातो. त्या ढगाला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं. तो पृथ्वीच्या दिशेने आला आणि त्याच्या क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, म्हणजे दक्षिणेकडे असली, तर ऊर्जा आत शिरते. मग पृथ्वीभोवती, हजारो किलोमीटर उंचीवर, विजेचा एक वर्तुळाकार प्रवाह जोरात वाहू लागतो.

विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे दहावीच्या पुस्तकात आहेच. या वर्तुळाकार प्रवाहाचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राला विरोध करतं. त्यामुळे जमिनीवर पृथ्वीचं चुंबकत्व काही तास कमी झालेलं दिसतं आणि पुढे एक-दोन दिवसांत, कधी जास्त वेळ घेऊन, पूर्ववत होतं. याला भूचुंबकीय वादळ म्हणतात. यात वारा नाही, पाऊस नाही.

जमिनीवरून ते कसं मोजतात?

चुंबकीय क्षेत्र मोजायचं बारीक माप म्हणजे नॅनोटेस्ला. आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला आहे. नेहमीच्या वादळात त्यातले शंभर-दोनशे कमी होतात, मे २०२४ च्या मोठ्या वादळात जगभरच्या सरासरीने सुमारे ४०० कमी झाले. म्हणजे शंभरात एक. वर्गातल्या होकायंत्राची सुई इतक्याने हललेली डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी चुंबकमापी लागतो.

जुन्या काळी लोहचुंबकाची पट्टी टांगून ठेवत. तिच्या हालचाली दुर्बिणीतून मोजपट्टीवर पाहायच्या आणि वहीत लिहायच्या. आता हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रं करतात.

कुलाब्याची नोंद

मुंबईतल्या कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली. तिथं १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर डोळे दिपवणारा प्रकाश पाहिला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आदळलं. युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांचं काम विस्कळीत झालं. इंग्लंडमध्ये क्यू आणि ग्रीनविच इथं फोटोच्या कागदावर आपोआप नोंद घेणारी यंत्रं होती, पण उसळी इतकी मोठी होती की रेघ कागदाबाहेर गेली.

कुलाब्यात तेव्हा असं यंत्र नव्हतं. माणसंच डोळा लावून आकडे लिहीत होती. एरवी तासाला एक नोंद, पण गडबड दिसली की काही मिनिटांनी एक. त्या दिवशी त्यांनी लिहिलेल्या आकड्यांवरून कळतं की क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आलं होतं. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांच्यासह भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी त्याच जुन्या नोंदी तपासून त्या वादळाचा जोर जगापुढे मांडला. त्या घसरणीत वर्तुळाकार प्रवाहाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत चर्चा आहे. पण सगळी चर्चा कुलाब्याच्या वहीतल्या आकड्यांपाशीच येते.

ट्राम आली, वेधशाळा हलली

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरलं. तिचा प्रवाह जमिनीत झिरपून चुंबकमापी बिघडणार होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी शहराच्या गडबडीपासून दूर, समुद्रापलीकडे अलिबागला जागा शोधली. इमारत लोखंड टाळून पोरबंदरच्या दगडात बांधली. १९०४ मध्ये तिथं काम सुरू झालं, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे सोबत नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आणि नवे आकडे एकमेकांशी जुळवता यावेत. मुंबईत विजेची ट्राम १९०७ ला धावली. या खबरदारीमुळेच १८४१ पासूनची साखळी आजवर तुटलेली नाही.

उपग्रह असताना वेधशाळा कशाला?

आज सूर्याकडे पाहायला आपलं आदित्य-एल१ यानही आहे. ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. तिथली यानं येणाऱ्या ढगाची खबर तासाभराच्या आसपास आधी देऊ शकतात. पण जमिनीवर परिणाम किती झाला, हे जमिनीवरच मोजावं लागतं. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्यूबेकमध्ये असंच वादळ आलं, विजेच्या लांब तारांत नको ते प्रवाह शिरले आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. असं वादळ किती मोठं होऊ शकतं, हे जाणायला दीडशे वर्षांमागचे आकडेच कामी येतात. उपग्रहांचा इतिहास तेवढा जुना नाही.

अलिबागची जागाही सोयीची आहे. ध्रुवाजवळ आणि चुंबकीय विषुववृत्तावर आकाशात इतर जोरदार प्रवाह असतात. अलिबाग दोन्हींपासून दूर असल्यामुळे वर्तुळाकार प्रवाहाचा परिणाम तिथं जास्त स्वच्छ दिसतो. भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे, आणि नागपूर, जयपूर, तिरुनेलवेली, शिलाँग अशा ठिकाणीही तिच्या वेधशाळा आहेत.

मग आपण काय करायचं?

वादळाची बातमी आली तर मोबाईल बंद करायची गरज नाही. आपल्या भोवतीचं वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र आपलं रक्षण करतं. काळजी वीज कंपन्यांनी, उपग्रह चालवणाऱ्यांनी आणि विमानसेवांनी घ्यायची असते. जीपीएसमध्ये थोडी चूक येऊ शकते, एवढंच.

पालकांना आमची एक विनंती आहे. असा मेसेज आला की पुढे पाठवण्याआधी मुलांना सोबत घेऊन बसा आणि विचारा : हे कोणी मोजलं? कुठं मोजलं? आकडा किती आहे? ज्या मेसेजमध्ये यातलं एकही उत्तर नसेल, तो तिथंच थांबवा. भौतिकशास्त्राची आवड असलेल्या मुलामुलींना हेही सांगा की हे काम करणारी संस्था आपल्याच राज्यात आहे, आणि एमएस्सीनंतर तिथं संशोधनाचा रस्ता आहे.