आपल्या क्लबचा मोठा माणूस कोण?

ओहोटी लागली की अलिबागची पुळण पार कुलाबा किल्ल्यापर्यंत उघडी पडते. वाळू ओली, काळपट आणि पायाखाली घट्ट. संध्याकाळी घोडागाड्या आणि पर्यटकांच्या गर्दीतून जागा काढत पोरं चपलांचे गोलपोस्ट मांडतात आणि भरती पायाशी येईपर्यंत खेळतात. अंगावरच्या शर्टांच्या पाठी वाचाव्यात. मेस्सी असतो, रोनाल्डो असतो, मधूनच एखादा एम्बापे. खाडीपलीकडच्या मुंबईचाही एक क्लब आहे, देशाचा विजेता झालेला. पण त्याचा आभाळी निळा शर्ट त्या घोळक्यात शोधावा लागतो.

याच किनाऱ्यावर कबड्डीचा विषय काढला तर चित्र पालटतं. गावाच्या संघातला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, या प्रश्नावर रायगडातल्या कुठल्याही पारावर तासभर वाद रंगतो. कुणाची चढाई, कुणाची पकड, कोण कुठल्या वर्षी गुडघा सुजलेला असताना उतरला होता, सगळं तोंडपाठ. वाद घालणाऱ्यातल्या निम्म्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि उरलेल्यांनी बापाकडून ऐकलेलं असतं. फुटबॉलच्या बाबतीत हा पार कुठे आहे?

क्लबचे सार्वकालिक दिग्गज निवडणं हा जगभरच्या फुटबॉलवेड्यांचा आवडता उद्योग आहे. वरवर पाहता काम सोपं वाटतं. सामने मोजावेत, गोल मोजावेत, करंडक मोजावेत आणि यादी लावावी. प्रत्यक्षात अशी यादी कुणालाच पटत नाही. लिव्हरपूलने 2006 मध्ये चाहत्यांचा कौल घेतला, तेव्हा पहिला आला केनी डाल्ग्लिश. 2013 मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि पहिल्या जागेवर स्टीव्हन जेरार्ड बसला. मधल्या सात वर्षांत डाल्ग्लिशचा एकही गोल कमी झाला नव्हता. मत देणारी पिढी बदलली होती. 1950 च्या दशकात ज्या बिली लिडेलमुळे लोक या संघाला गमतीने ‘लिडेलपूल’ म्हणत, त्याला खेळताना पाहिलेली माणसं तोवर फार थोडी उरली होती.

यावर कोलकात्याने काढलेला तोडगा अधिक शहाणा वाटतो. मोहन बागानचा 29 जुलै हा सणाचा दिवस, कारण 1911 मध्ये त्या दिवशी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवून त्यांनी आयएफए शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. त्या अकरा जणांची गणती आजही एकत्रच होते. त्यातला थोरला कोण, हे कुणी विचारत नाही. 2001 पासून क्लब दरवर्षी ‘मोहन बागान रत्न’ देतो आणि पहिला मान शैलेन मन्नांना मिळाला. मानकऱ्यांत चुनी गोस्वामीही आहेत. शाळकरी वयापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी दुसऱ्या क्लबचा शर्ट घातला नाही. पहिला क्रमांक कुणाचा ही कटकटच ठेवलेली नाही. दरवर्षी एका माणसाला आणून पंगतीत बसवायचं. मात्र त्यासाठी पंगत शंभर-सव्वाशे वर्षं मांडलेली असावी लागते.

आता गोव्याकडे. धेंपो क्लबने राष्ट्रीय पातळीवरची लीग पाच वेळा जिंकली आणि पाचही वेळा प्रशिक्षक होते आर्मांडो कुलासो. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, महेश गवळी ही त्या संघातली घरची नावं. गोलांचा हिशेब करायचा तर नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सच्या जवळपास कुणी फिरकत नाही. 2011-12 च्या एका हंगामात त्याने आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये 32 गोल मारले आणि धेंपोला विजेतेपद मिळवून दिलं.

तरीही धेंपोने निवृत्त केला तो यांपैकी कुणाचाच शर्ट नव्हे. तो दहा नंबर होता क्रिस्तियानो ज्युनियरचा. हा ब्राझीलचा पोरगा धेंपोत येऊन जेमतेम काही महिने झाले होते. 5 डिसेंबर 2004. बेंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाची अंतिम लढत आणि समोर मोहन बागान. पहिला गोल त्याचा. दुसरा गोल मारताना बाहेर धावत आलेल्या गोलरक्षकाशी तो धडकला. चेंडू जाळ्यात गेला आणि तो कोसळला. पुन्हा उठला नाही. धेंपो 2-0 असा जिंकला. दोन्ही गोल त्याचे, चषक त्याच्या नावावर, आणि तो मात्र नाही.

तक्ता बघून यादी करणाऱ्याची इथे पंचाईत होते. काही महिन्यांच्या खेळाडूला पंधरा वर्षं राबलेल्यांच्या वर कसं बसवणार? धेंपोने तो प्रश्न स्वतःला विचारलाच नाही आणि ते योग्यच झालं. नापोलीने मॅराडोनाचा दहा नंबर उतरवून ठेवला तो सात हंगामांच्या पराक्रमानंतर. मिलानने पाओलो माल्दिनीचा तीन नंबर राखून ठेवला तो जवळजवळ पाव शतकाच्या चाकरीसाठी, आणि तोही मुलगा खेळला तर त्याला मिळेल या बोलीवर. धेंपोचा दहा नंबर या दोन्हींच्या पंक्तीत बसत नाही. तो एका संध्याकाळचा आहे.

महाराष्ट्रात अशी आठवण जपणारं गाव एकच, कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. संघांची नावंच तालमींची. माणूस ज्या पेठेत जन्मतो, त्या पेठेचा संघ त्याचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आजोबा, बाप आणि नातू एकाच रंगासाठी ओरडतात. तिथे दिग्गज ठरवायला कौल घ्यावा लागत नाही, गल्लीतल्या कट्ट्यावर ते केव्हाच ठरलेलं असतं.

मुंबईचं तसं झालं नाही. मुंबईत फुटबॉल कमी होता म्हणून नव्हे. 1891 साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकासाठी देशभरचे संघ इथे येत आणि कूपरेज मैदानावर गर्दी होई. पण शहराचे आपले संघ बहुतेक कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचे: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा. खेळाडूला नोकरी मिळे, पगार मिळे, सामन्याच्या दिवशी सुट्टी मिळे. काळ बघता हा सौदा वाईट नव्हता. अडचण एवढीच की कंपनीला रस असेल तोवर संघ. हिशेबनिसाच्या एका शेऱ्यावर तो बंद होई आणि मागे कुणाचीच पेठ उरत नसे.

नेव्हिल डिसोझांचं उदाहरण घ्यावं. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने 4-2 असं हरवलं. त्यातले तीन गोल या मुंबईकराचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. क्लब म्हणून ते टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळले. ते कुठल्या क्लबचे दिग्गज? आज कॅल्टेक्सचा शर्ट घालून त्यांचं नाव घेणारा चाहता मिळायचा नाही. ते देशाचे होऊन गेले. क्लबच उरला नाही, तर कौल घेणार कोण?

महिंद्राची कथा आणखी जवळची. 1962 चा संघ. 2005-06 मध्ये डेरिक परेरांच्या हाताखाली राष्ट्रीय लीग जिंकला आणि 2010 मध्ये कंपनीने तो बंद केला. विजेतेपदानंतर चार वर्षांत टाळं! स्टीव्हन डायससारख्या मुंबईच्या पोराने उजव्या बगलेवरून मारलेल्या मुसंड्या ज्यांनी पाहिल्या, ते आता चाळिशी ओलांडून गेले आहेत आणि त्यांना पोरांना घेऊन जायला ते मैदान आहे, तो संघ नाही.

मग मुंबई एफसी. 2007 मध्ये सुरू झालेला, पैशाने बेताचा, करंडकांच्या कपाटात सांगण्यासारखं काही नसलेला संघ. पण त्याच्याकडे खालिद जमील होता. महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळून दुखापतींनी थकलेला हा मधल्या फळीतला खेळाडू 2009 मध्ये त्यांचा प्रशिक्षक झाला. त्याने सात वर्षं एकच काम केलं, संघाला आय-लीगच्या बाहेर पडू दिलं नाही. सुंदर खेळ नाही, जाहिरात नाही, कमी बोलणं आणि हंगामाच्या शेवटी तळाच्या दोन-चार गुण वर. 2016 मध्ये तो गेला. पुढच्याच हंगामात त्याने मिझोरामच्या आयझॉल एफसीला, आदल्या वर्षी खाली घसरलेल्या संघाला, थेट आय-लीगचा विजेता केलं. ईशान्येतल्या कुठल्याही क्लबने तोवर हे केलं नव्हतं. त्याच हंगामात मुंबई एफसी तक्त्याच्या तळाला गेली, लीगबाहेर पडली आणि संपली.

दिग्गज मोजायची याहून कडक कसोटी सापडणार नाही: माणूस निघून गेला आणि वर्षभरात क्लब गेला. ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला, तेव्हा बातम्यांत आयझॉलचं नाव ठळक होतं. मुंबई एफसीतली सात वर्षं एका ओळीत आटोपली होती.

आता उरला मुंबई सिटी एफसी, 2014 चा. याचं पहिलं घर मुंबईत नव्हतंच. ते होतं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, पनवेल-उरणच्या माणसाला दादरपेक्षा जवळ. घरच्या पहिल्याच सामन्यात, 18 ऑक्टोबर 2014 ला, पुण्याचा 5-0 असा धुव्वा उडाला आणि आंद्रे मोरित्झने इंडियन सुपर लीगमधली पहिली हॅटट्रिक केली. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर सुनील छेत्रीने नॉर्थईस्टविरुद्ध तीन गोल मारले, या लीगमध्ये भारतीय खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. मग 2016 मध्ये संघ अंधेरीला, शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात गेला. अलिबागच्या माणसाचं गणित तिथे बिघडलं. जाताना मांडव्याहून लाँच मिळते, पण सामना सुटतो तेव्हा शेवटची लाँच केव्हाच लागलेली असते. मग पनवेल, पेण, वडखळ करत पहाटेच्या सुमारास घर.

या क्लबचा सर्वांत मोठा खेळाडू कोण? गाजलेली नावं आधी बाजूला काढावीत. ल्युंगबर्ग, अनेल्का, फोर्लान आले, पोस्टरवर झळकले, गेले. छेत्रीच्या हॅटट्रिकचं कौतुक आहेच, पण छेत्री म्हटलं की बेंगळुरू आठवतं. 2020-21 मध्ये साखळीत अव्वल ठरणाऱ्याची लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार गोलरक्षक अमरिंदर सिंग लगेच कोलकात्याला, अंतिम फेरीत हरवलेल्या संघातच दाखल झाला. अहमद जाहू मधल्या फळीत बसून संघाची घडी बसवायचा, तो ओडिशाला गेला. लालियानझुआला छांगटे हा 2022-23 च्या, तेव्हा विक्रमी ठरलेल्या 46 गुणांच्या हंगामाचा चेहरा. लीगमधला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. खुशाल त्याचं नाव घ्यावं, भांडण नाही.

पण एकच निवडायचा तर मणिपूरचा बिपिन सिंग. 13 मार्च 2021, फातोर्डा, मोहन बागानविरुद्ध (तेव्हाचं नाव एटीके मोहन बागान) 1-1 आणि नव्वदावं मिनिट. गोलपुढच्या धांदलीत चेंडू बार्थोलोम्यू ओगबेचेकडून डावीकडे आला आणि बिपिनने तो आत घातला. पहिला करंडक. तीन वर्षांनी, 4 मे 2024 ला कोलकात्यात मुंबईने मोहन बागानला 3-1 असं हरवून दुसरा करंडक नेला, तेव्हाही एक गोल बिपिनचाच. दोन अंतिम लढती, दोन्हींत गोल. हंगामभर तो दर वेळी चमकत नसे, हेही खरं. काही सामन्यांत तर तो मैदानावर आहे की नाही, हे शोधावं लागे.

यात एक खोच आहे. 2021 चा तो गोल झाला तेव्हा फातोर्ड्याच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, करोनामुळे अख्खा हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना खेळवला गेला होता. 2023 ची शील्ड पक्की झाली तीही फातोर्ड्यातच, गोव्याला 5-3 असं हरवून. एप्रिल 2022 मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 असं नमवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब मुंबई सिटी ठरला, तो सामना रियाधमध्ये. 2024 चा करंडक कोलकात्यात, हजारो हिरव्या-तपकिरी शर्टांसमोर. म्हणजे क्लबच्या इतिहासातले चारही मोठे क्षण घराबाहेरचे. मुंबईच्या पायऱ्यांवर बसून ‘मी तिथे होतो’ म्हणणारा माणूस त्यांतल्या एकालाही नाही.

रियाधमधला तो निर्णायक गोल डोक्याने मारला राहुल भेकेने, मुंबईत जन्मलेल्या, मुंबई एफसीतून घडलेल्या बचावपटूने. आणि अंधेरीच्या मैदानावर सुपर लीगची एक अंतिम लढत झाली होती, 17 मार्च 2019 ला. गोव्याविरुद्ध जादा वेळेतलं 117 वं मिनिट, कॉर्नर, उंच उडी, डोकं, गोल. मैदान मुंबईचं, करंडक ठरवणारा गोल मुंबईच्या पोराचा, भेकेचाच. त्या रात्री त्याच्या अंगावर बेंगळुरूचा शर्ट होता.